थोरल्याचं लॅटिन

पाकळी सुटली — आधी एका कडेनं, मग सबंध — उकळत्या पाण्यात टाकलेलं वर्षभराचं वाळलेलं फूल काचेच्या बशीत हळूहळू अंग मोकळं करायला लागलं, आणि भिंगातून बघता बघता तिच्या तोंडून नेहमीचंच ‘ये बाई, ये’ निघून गेलं. पाच पाकळ्या, जुन्या कागदाच्या रंगाच्या. प्रत्येक पाकळीसमोर बारीक तंतूंची एकेक झालर, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला एवढीशी गोळी. जिवंतपणी ही गोळी अशी चमकते की मधाचा थेंबच वाटावा. मध कसला न् काय! माशी आशेनं येते, चाटून बघते, रिकाम्या तोंडानं परत जाते, आणि जाताना अंगाला पराग फासून घेऊन जाते ते वेगळंच. फूल नखाएवढं, पण वस्ताद... तिनं सुई उचलली आणि झालरीचे तंतू मोजायला घेतले.

तशी आता मोजायची गरज नव्हती. ढीगभर फुलं मोजून झाली होती, तिन्ही परीक्षकांनी माना डोलावल्या होत्या, लेख छापायला गेला होता आणि शेवटचं प्रूफ तिच्या डाव्या कोपराशी पडलं होतं. आज संध्याकाळपर्यंत ते परत धाडलं की संपलं — नवी जात, नवं नाव, जगातल्या वनस्पतींच्या यादीत कायमचं. पण नाव छापून येण्याआधी एकदा फुलाचं तोंड बघायचं हा तिचा शिरस्ता होता. मोजलेलं पुन्हा मोजणं हा काही तिचा संशयी स्वभाव नव्हे. तो तिचा थाट होता.

आणि थाट तिला शोभायचा. या हर्बेरियममध्ये — वाळवून, दाबून, कागदावर टाके घालून ठेवलेल्या लाखो झाडांच्या या थंडगार कोठारात — तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंनी एखाद्या कागदावर नजर टाकून ‘नाही’ म्हटलं की नाही. मग तो कागद कुठल्या का मोठ्या माणसानं पाठवलेला असेना. एकदा एकानं वाद घातला होता, त्याला तिनं भिंगासमोर बसवलं आणि स्वतः चहा घेऊन आली. चहा संपायच्या आत तो माफी मागून मोकळा झाला. चुकत नाही मी, असं ती कधी म्हणाली नव्हती. म्हणायची वेळच आली नव्हती.

तंतू अकरा. बरोबर. तिनं सुई खाली ठेवली, चष्मा बदलला आणि प्रूफ पुढ्यात ओढलं.

पार्नासिया... हे घराण्याचं नाव, ते जुनंच. दूरच्या मुलखातला एक पवित्र डोंगर, पार्नासस; त्याच्यावरून हे पार्नासिया. गवताशी काडीचा संबंध नाही, तरी जुने लोक याला ‘पार्नाससचं गवत’ म्हणायचे. फुलपाखरांची मंडळी तरी मागे का राहतील — त्यांनी त्याच डोंगराला धरून आपल्या एका फुलपाखराला पार्नासियस करून टाकलं. आणि त्याच मुलखातल्या दुसऱ्या पवित्र डोंगराचं, हेलिकॉनचं नाव गेलं केळीच्या चुलत घराण्याला, हेलिकोनियाला. ती बिचारी झाडं समुद्रापार दमट जंगलात वाढतात, त्यांनी तो डोंगर सात जन्मांत बघितलेला नाही. लॅटिनवाल्यांना डोंगरांचा सोसच फार. आणि आता त्या पंगतीत तिचा डोंगर बसणार होता — थोरला.

थोरला हे लाडाचं नाव. पायथ्याच्या गावातले सगळे थोरलाच म्हणत — घरातल्या मोठ्या भावाचं नाव घेत नाहीत, तसं. खरं नाव होतं, चांगलं लांबलचक, भारदस्त, पण ते दोनच ठिकाणी सापडायचं: बसच्या पाटीवर आणि आप्पांच्या तोंडी. आप्पा म्हणजे तिचे वडील, थोरल्याच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या बसचे कंडक्टर. ते खरं नाव घ्यायचं आणि त्याला लॅटिनचं ‘एन्सिस’ हे शेपूट लावायचं, की अर्थ होतो ‘तिथलं’. पार्नासिया, पुढे थोरल्याचं नाव, पुढे एन्सिस, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यात शेवटी नाव ठेवणारीचं आडनाव. एका फुलाच्या नावात दोन पवित्र डोंगर! असा योग काय रोज येतो?

ती वाचत गेली. एक स्वल्पविराम सुधारला, एक उलटा चित्रक्रमांक सुलटा केला, आणि पाचव्या पानावर आपल्याच एका वाक्याशी आली. रोपे खणून नेली जाण्याचा धोका लक्षात घेऊन नेमके ठिकाण येथे मुद्दाम दिलेले नाही. छान. गोळीबंद वाक्य. नकाशातही तिनं ठिपक्याच्या जागी एक मोठा करडा चौकोन टाकला होता, अर्धा जिल्हा मावावा असा. शोधा म्हणावं बेट्यांनो. कारण रोपं होती किती? ओलसर कपारीत तीस-चाळीस, फार तर. आणि हौशी लोक जगभर टपलेले — परसात दगड रचून त्यात दुर्मिळ डोंगरी झाडं लावणारे, त्यांना ती पुरवणारे... एक माणूस, एक पिशवी, एक दुपार, एवढंच पुरे होतं. त्या वाक्याचं परीक्षकांनी मुद्दाम कौतुक केलं होतं. तिनं समाधानानं पान उलटलं, परत पहिल्या पानावर आली आणि मथळा वाचला.

अगं बाई!

ती मोठ्यांदा हसली. एकटीच होती, त्यामुळे मनमोकळं हसली. जागा लपवली, नकाशा झाकला, आणि दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी लावली! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि वर्षभर कुणाला दिसलं नाही — तिला नाही, त्या तीन दिग्गजांना नाही, संपादिकेला नाही. दुसऱ्या कुणाला ही चूक करता आलीच नसती. रस्त्यावरचा कुणीही नाव वाचून आधी हेच विचारील, म्हणजे हे त्या डोंगरावरचं का? आमच्या लोकांना तो प्रश्न पडत नाही. आमच्यात नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. एका देशाच्या नावाचं फूल त्या देशात उगवतसुद्धा नाही आणि तरी ते नाव बदलायचं नाही, असा आमचा कायदा... नावाला अर्थ असतो हेच आम्ही विसरून गेलो. वा रे शहाणे! ती पुन्हा हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं, कारण मधेच सरांचं ऑर्किड आठवलं.

सर म्हणजे तिचे गुरू. त्यांनीही एका टेकडीचं नाव एका ऑर्किडला दिलं होतं, तेव्हा ती नुकतीच त्यांच्या हाताखाली आली होती आणि सगळ्यांना पेढे वाटायला तीच धावली होती. दोनतीन वर्षांनी दोघं पुन्हा त्या टेकडीवर गेली. झाडांच्या बुंध्यांवर नुसते ओरखडे होते, चाकूनं काढल्याचे. सर एका बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले, मग म्हणाले, चल, ऊन होतंय. पुढे त्या ऑर्किडचा विषय निघाला की ते उठून खिडकी उघडायला जायचे, खिडकी उघडीच असली तरी... नाव मात्र आहे अजून. पुस्तकांतून दिमाखात आहे. टेकडीचं नाव ऑर्किडला आणि टेकडीवर ऑर्किड नाही.

तिनं बशीतल्या फुलाकडे बघितलं. पाणी गार होत होतं. आज नाव बदलता येईल, उद्या नाही. एकदा छापून आलं की मग ते कुणाच्या बापालाही बदलता यायचं नाही.

बापाला... तिथंच तर सगळं अडत होतं.

सुट्टीत ती आप्पांबरोबर बसनं जायची. पुढचा बाक तिचा, ड्रायव्हरच्या मागचा, खिडकीशी. शेवटच्या वळणावर थोरला एकदम समोर यायचा, काचेत मावायचा नाही, आणि मागून आप्पांचा आवाज यायचा, गाडीच्या खडखडाटावर चढून, डोंगराचं अख्खं नाव, एकेक अक्षर सुटं करून, शेवटचं लांबवून. गाडीतली माणसं कपाळाला हात लावायची, पायातलं काढून हातात घ्यायची. तिला वाटायचं आप्पांनी हाक मारली म्हणून डोंगर आला. पुढे ती शिकली, डोंगर कसे होतात ते तिला कळलं, तरी हे काही तिच्या मनातून गेलं नाही. तिच्या लेखी ते नाव आप्पांच्या मालकीचं होतं.

आणि मग आप्पांच्या घशाचं ऑपरेशन. माणूस वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबूज, तीही चार वाक्यांत दमणारी. बोलायचं यंत्र आणून दिलं तर त्यांनी ते फडताळात ठेवून दिलं — डब्यातला आवाज नको म्हणाले. ज्या गळ्यातून तीस वर्षं तो डोंगर निघाला तो गळा बंद झाला, आणि त्याच वर्षी तिला थोरल्याच्या कपारीत हे फूल सापडलं. तिला जे वाटायचं ते वाटलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं आप्पांसमोर उभं राहून लॅटिन नाव म्हणून दाखवलं, त्यांच्यासारखंच, अक्षरं सुटी करून. आप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी चमचा उचलून कपावर दोनदा वाजवला — टण टण — डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. तेव्हापासून हा रोजचा नेमच झाला: ती घरी येणार, आप्पा हातानं ‘बोल’ म्हणणार, ती ते नाव म्हणणार, कप वाजणार. वर्षभर. त्यांचा गेलेला शब्द ती त्यांना परत आणून देणार होती, छापून, कायमचा, कुठल्याही डॉक्टरला कापता येणार नाही असा. आता हे कसं मोडायचं?

“तोंड का असं?” चित्रकारानं दारातूनच विचारलं.

हा हर्बेरियमचा चित्रकार, तिच्याच वयाचा. फुलांची चित्रं काढून काढून त्याची मान कायमची एका बाजूला झुकलेली. बाकीचे बाई म्हणत, हा ‘बाईसाहेब’ म्हणे, आणि फारच खोडी काढायची असली तर ‘सरकार’.

“आपण गाढव आहोत,” ती म्हणाली.

“आपण कोण? मी फक्त चित्र काढलं.”

तिनं प्रूफ त्याच्यापुढे सरकवलं. आधी पाचव्या पानावर बोट ठेवलं, मग पहिल्या. त्यानं दोन्ही वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला, “आणि मुठीवर लिहिलंय आत काय आहे ते. धन्य आहे सरकारांची.”

“हसून घे. मीही हसले.”

“मग बदल की. रडायचं काय त्यात? फिकट म्हण. पॅलिडा.”

“जगात फिकट फुलांची काय टंचाई आहे? उद्या पोरगी झाली तर तिचं नाव ‘नाकडोळे’ ठेवशील का?”

“बरं बाई. आप्पांचं नाव दे. म्हातारा खूश, फूल सुखरूप, तू मोकळी. नाहीतरी त्यांच्यासाठीच चाललंय ना हे?”

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की क्षणभर तिला वाटलं, सुटलं कोडं. पण लगेच मागे येऊन तिनं ते तपासलं, प्रत्येक गोष्ट तपासायची तसं. आप्पांना आप्पांचं नाव नको होतं. नातेवाईक कौतुक करायला लागले तर उठून संडासात जाऊन बसणारा तो माणूस. त्यांना डोंगराचं हवं होतं. आणि स्वतःच्या बापाचं नाव फुलाला — म्हणजे घरच्या कार्याला स्वतःच आहेर करून घेण्यासारखं.

“नाही,” ती म्हणाली.

“झालं! बाईंचं नाही आलं.” तो आपल्या टेबलाकडे वळला, वळता वळता थांबला. “मग राहू दे आहे तसं. ही असली मासिकं वाचतंय कोण?”

“खणणारे वाचतात,” ती म्हणाली. “तेच तर वाचतात. आपले लोक नुसतं चाळतात.”

तो पेन्सिलीला टोक काढत बसला.

दुपारी तिनं संपादिकेला फोन केला. तीही तिचीच एके काळची विद्यार्थिनी, आता मोठ्या हुद्द्यावर, पण फोनवर आवाज ऐकला की अजून खुर्चीत सरळ होऊन बसणारी.

“बाई, तुम्ही म्हणाल तसं,” ती म्हणाली. “एकच शब्द आहे, सगळीकडे बदलून टाकू. सात वाजेपर्यंत मी आहे इथं, त्यानंतर ते छापखान्याकडे जाणार. नवीन नाव काय लिहून घेऊ?”

“अजून ठरलं नाही.”

संपादिकेनं अगदी हळू विचारलं, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत आहे. ठेव.”

फोन ठेवून तिला स्वतःचाच राग आला. ठरलं नाही, हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले होते? निघाले तर निघाले. आज ती लवकर निघाली, प्रूफ पिशवीत घालून, चालत. चालताना तिचं डोकं चांगलं चालायचं आणि वाद घालणं हा तर तिच्या हातचा मळ. नाव ठेवावं. थोरला केवढा आहे. नाव कळलं म्हणून कपार कळत नाही. शिवाय पवित्र डोंगर, माणसांचा राबता, कुणी कुदळ घेऊन हिंडायला लागलं तर दहा जण विचारतील. शिवाय नाव झालं की पहारा येतो, पैसा येतो, कुंपण येतं. झालं, जिंकली. कोपऱ्यावर सिग्नलशी ती थांबली आणि तिनं दुसरी बाजू घेतली. कपार ओलसर, उत्तरेची, फूल पावसाळा सरताना. हे सगळं लेखात दिलंच आहे, जाणकाराला दोन दिवसही लागायचे नाहीत. सरांची टेकडीही काही आडरानात नव्हती, तिथंही माणसं होती. पहारा येईल तेव्हा येईल, पिशवी त्याच्या आधी येईल. झालं, हीही जिंकली. सिग्नल दोनदा सुटून गेला होता.

पण काट्याच्या एका पारड्यात आप्पा बसले होते, तिथं कुठलाही वाद चालत नव्हता. फुलाची बाजू घेणारे जगात पुष्कळ होते. संस्था होत्या, कायदे होते. आप्पांच्या बाजूनं कोण होतं? ती एकटी. मुलीनं बापासाठी एवढंही करू नये? या विचारानं तिला बरं वाटलं. पाठ ताठ झाली. शिष्यिणीशी बोलताना सैल पडलेलं काहीतरी पुन्हा जागेवर बसलं आणि ती भराभर चालायला लागली. दुसरी कुणी असती तर आधी विज्ञान, मग नाती, असलं काहीतरी गुळगुळीत बोलली असती. ती नाही बोलणार. चुकीचं असलं तरी मी हे कुणासाठी करतेय ते मला माहीत आहे, आणि ते माहीत असलं की माणूस खुशाल चुकू शकतो...

घरी आप्पा खिडकीशी मटार सोलत बसले होते. दाणे ताटात, सालं मांडीवरच्या कागदात. तिनं चपला काढल्या, पिशवी टेबलावर ठेवली. आप्पांनी मान वर केली आणि नेहमीसारखा हात हलवला: बोल.

ती बोलली नाही. त्यांच्यासमोर स्टुलावर बसली, मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं — पाचवं पान, पहिलं पान, सरांची टेकडी, संपादिकेचे सात. आप्पांना सगळं समजत होतं; वर्षभरात त्यांना झालरीचे तंतूसुद्धा पाठ झाले होते.

“पण तुम्ही काळजी करू नका,” शेवटी ती म्हणाली. “मी ते नाव ठेवणार आहे. तुम्हाला दिलाय शब्द.”

आप्पांनी एक शेंग फोडली. दाणे ताटात पाडले.

“नको ठेवू,” ते कुजबुजले.

“आप्पा, मोठेपणा नको हं उगीच. मला माहीत आहे तुम्हाला —”

त्यांनी हात वर केला. थांब. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागायचा, आणि अशा वेळी मधे बोललेलं त्यांना आवडायचं नाही.

“ठके,” ते म्हणाले. हे तिचं लहानपणचं नाव, आता जगात एकाच माणसाला ठाऊक असलेलं. “मला तो डोंगर... कधी आवडलाच नाही.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती पुढे वाकली.

“वर गेलो नाही मी. एकदाही.”

“काय सांगता! इतकी वर्षं?”

“गाडी वळवायची. डबा खायचा. परत.” आप्पांचे खांदे हलायला लागले, आवाज गेल्यापासून त्यांचं हसणं असं खांद्यांत आलं होतं. “लोक वर बघत उभे. मी आपला... उतरा हो लवकर. दुरून साजरा. कंटाळा यायचा... त्या नावाचा. लांबलचक. घसा दुखायचा.”

“मग रोज संध्याकाळी? मी म्हणते, तुम्ही कप वाजवता, ते काय?”

आप्पा दमले होते. त्यांनी हातानं तिच्या चेहऱ्याकडे दाखवलं, हवेतच, हनुवटीपासून कपाळापर्यंत.

“तू म्हणतेस ना,” ते म्हणाले, “तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं तुझं. पुढच्या बाकावर व्हायचं... तसंच. मी ते बघतो.” आणि मग श्वास गोळा करून, “मला वाटलं, तुलाच हवंय.”

त्यांनी पुढची शेंग उचलली.

ती उठून आतल्या खोलीत आली. दार लोटलं नाही, दिवा लावला नाही. अजून पुरेसा उजेड होता. पहिल्यांदा रागच आला, सरळ, लहान मुलीसारखा: वर्षभर मला खेळवलं? मग तो राग कुठे ठेवावा तेच कळेना, कारण खेळवलं कुणी कुणाला? ती त्यांच्यासाठी म्हणत होती, ते तिच्यासाठी वाजवत होते. हेही ठीक. गोड आहे म्हणेल कुणी. आता तर सगळं सोपं झालं होतं. पारड्यातून आप्पा उतरले होते, स्वतःहून, हसत हसत. नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, फोन करायचा. पाच मिनिटांचं काम.

तिनं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं, पेन घेतलं.

पारडं वर गेलंच नाही.

ती तशीच उभी राहिली. आप्पा नाहीत त्यात. मग कोण बसलंय? तिनं तपासलं, जसं आयुष्यभर तपासत आली तसं, न घाबरता, एकेक पाकळी सुईनं बाजूला करत... विज्ञान? नाही. गाव? गाव सोडून जन्म झाला. थोरला? थोरल्याला कुणाच्या लॅटिनची काय पडली आहे. म्हणजे मीच. एवढा वेळ, एवढे दिवस, आप्पांच्या शालीआड मीच बसले होते. मला हवंय. मला तो डोंगर माझ्या नावाला चिकटून हवाय, छापील, जगातल्या प्रत्येक यादीत, मी मेल्यावरही. आणि त्यापायी कपारीतली तीस-चाळीस रोपं गेली तर जाऊ देत, असं कुणीतरी आत अगदी शांतपणे म्हणत होतं, आणि तो आवाज परका नव्हता. तो बाईंचाच आवाज होता, ‘नाही’ म्हटलं की नाही, तोच.

दिवसभर तिनं खणणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. चोर, दरवडेखोर, उलट्या काळजाचे. ते काही तसे नसणार. चांगले शिकलेले असणार, लॅटिन येत असणार, फुलावर जीव असणार; रात्ररात्र वाचत बसत असतील, आणि त्यांच्याही घरी कुणीतरी असेल, ज्याच्यासाठी म्हणून ते नेत असतील. त्यांना नुसतं हवं असतं, एवढंच. इतक्या जवळून तिनं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. संपादिका असणार. आप्पांना तो उचलून उपयोग नव्हता आणि त्यांनी उचललाही नाही. तिनं पेनाचं टोपण काढलं, मथळ्यावर वाकली आणि खोडण्यापूर्वी — खोडायचंच असेल तर — ते नाव पुन्हा एकदा वाचलं, मनात, कुणासाठीही नाही. ते तितकंच हवंसं होतं. आता तिला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही ते तसूभरसुद्धा कमी होत नव्हतं.